दुधाचे मेण

मेणबत्ती फुंकर मारून विझवली की जो वास येतो, त्या वासाबरोबर ती घटना अजून माझ्यासमोर येऊन उभी राहते. कर्जतचे धुके, दवाखान्याच्या ओसरीवरचा पिवळा उजेड, पांढऱ्या बशीतले ते खडे, आणि कोठडीच्या गजांना पाठ लावून बसलेली ठाकरवाडीची म्हातारी. सगळे पाण्याखाली ठेवल्यासारखे दिसते. हात घालावा तर हलते.

याला कारण आहे. त्या हिवाळ्यात मला हिवताप होता. एक दिवसाआड थंडी वाजून ताप भरे, कुनैनने कानांत घंटा वाजत राहत, आणि त्या अवस्थेतच मी ठाण्याचे काम उरकी. पुढे त्याच तापाने प्लीहा वाढली, सरकारी डॉक्टरांनी मला नोकरीस अयोग्य ठरवले, आणि मिशा काळ्या असतानाच मी निवृत्त फौजदार झालो. आता पत्रके छापतो, सभांतून बोलतो. लोक म्हणतात, या माणसाच्या जिभेला लगाम नाही. नसू दे. या हकिकतीत नाव कोणाचेही घेणार नाही. पण लाज ज्याची त्याला वाटली पाहिजे, एवढे मात्र पाहणार आहे.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. रात्रीच्या गस्तीचे शिपाई पट्टे सोडत होते. बाहेर धुके इतके, की घाट चढवायला गाडीला मागून जोडतात ती इंजिने स्टेशनात नुसती ऐकू येत होती, दिसत नव्हती. त्या धुक्यातून एक बाई ठाण्याच्या पायरीशी आली. चाळिशीची, पदर नीट घेतलेला, खालापूरकडच्या एका गावची. मागे तिचा जावई, घाटाच्या इंजिनात कोळसा टाकणारा तरुण. तळहाताच्या रेघांत काजळी बसलेली.

"साहेब, माझ्या लेकीला सुईणीनं मारायला घेतलंय," बाई म्हणाली.

"बसा. काय झालं ते पहिल्यापासून सांगा."

"लेक दहिवलीला दिलीय. बाळंतपणाला मी न्यायचीच व्हते, पन दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या, म्हून मीच धावत आले. सुईण ठाकरवाडीची. मी नदीवर धुणं घेऊन गेले तेवढ्यात तिनं शेक दिला. त्यात काय घातलं देव जाणे. छाती दगडागत झालीया पोरीची. लाल, काळी. पोराला थेंब नाय दुधाचा. तापानं फणफणतीया."

मी फिर्याद लिहून घेतली. बाई अंगठा उठवून उठली आणि दारातून परत वळून म्हणाली, "करणीच हाय ही, साहेब. लिवा तसं."

करणी हे कलम सरकारच्या पुस्तकात नाही. जबर दुखापत आहे, विषप्रयोग आहे. मी विषप्रयोगाचा संशय लिहिला आणि हवालदारांना ठाकरवाडीवर पाठवले.

हवालदार जुने, नोकरीत पिकलेले. दुपारपर्यंत म्हातारीला घेऊन आले. ती सावलीसारखी आत आली आणि न सांगता भिंतीशी उकिडवी बसली. मागोमाग तिची सून आली, कडेवर आपले तान्हे, हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

"ए म्हातारे," हवालदार म्हणाले, "काय लावलंस तिला?"

"काय लावनार रं बाबा? एरंडाची पानं निखाऱ्यावर धरली नि ठिवली. खाटंखाली शेगडी. समद्या बाळंतिणींना देते तसाच शेक."

"मग छाती दगड कशानं झाली?"

म्हातारीने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. "माज्याच हातानं झालं असंल," ती म्हणाली. "दुसरं कोन व्हतं तिथं? पहिली गाठ लागली तवा मला वाटलं दूध साकळलं. म्हून अजून शेकलं. जेवढं शेकलं तेवढी गाठ वर चढली, काखंकडं."

हवालदारांनी माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिले. "कबुलीच की साहेब!"

"ती कबुली नव्हे, हवालदार. ती विचार करतेय."

"आमच्या वेळी विचार करणाऱ्याला लवकर कोठडी मिळायची."

कोठडी तर मलाही द्यावी लागली. दहिवलीत माणसे जमू लागल्याची खबर पोलीस पाटलाने आणली होती. बाहेर राहिली असती तर म्हातारीचे काय झाले असते याचा भरवसा नव्हता. गजाआड जाताना तिने एकच विचारले, "पोराला कोन पाजतं?"

कोणी नाही, म्हणून सांगितले. कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध चाटवतात.

तशी ती सुनेकडे वळली. "जा गं. पाज जा त्याला."

"मला घरात घेतील?"

"मागल्या दारानं जा. भुकेलं पोर दार बगतं व्हय?"

ती गेली. मागच्या दाराने गेली आणि घेतलीही गेली. पुढे दररोज डोंगर उतरून येत राहिली. ज्या घराने तिच्या सासूवर आळ घेतला होता त्याच घराचा मुलगा तिच्या अंगावर प्याला, आणि सोवळ्याओवळ्याचे एक अक्षर त्या घरातून निघाले नाही. गरज लागली की आपला धर्म किती समजूतदार होतो, हे मी तिथे पाहिले.

बाळंतिणीला पोरासकट डोलीतून कर्जतच्या दवाखान्यात आणवले. डॉक्टर पोक्त, कमी बोलणारे. त्यांनी तपासले आणि म्हणाले, "कापून आत काय आहे ते काढायला हवं. नाहीतर विष अंगभर भिनेल."

मला वाटले, फिर्यादी बाई पाया पडेल. ती दाराला पाठ लावून आडवी उभी राहिली. "कापू नका. लेप लावा. मलम द्या. कापायचं नाय."

मी चमकलो. विष घातले म्हणून ठाण्यावर येणारी आई ते विष काढू देत नाही? हे मी मनाच्या एका कोपऱ्यात ठेवले.

पुरुष डॉक्टर छातीला हात लावणार यावर पोरीची सासू अडून बसेल असे हवालदारांना वाटत होते. सासू म्हणजे उंच, आडमाप, आवाज खणखणीत. तिने विहिणीचा दंड धरून तिला बाजूला केले. "जीव चाललाय पोरीचा नि तुमी लाज कसली धरता? डॉक्टर, तुमी कापा!"

डॉक्टरांनी तिलाच विचारले, जिला कापायचे होते तिला. पोरीने डोळे उघडले. तापाने ते काचेसारखे झाले होते. "काढा," ती म्हणाली. "लई जड झालंय." मग माझ्या पट्ट्याकडे पाहून म्हणाली, "साहेब, म्हातारीला सोडा." मी पुढे काही विचारणार तोच तिने आपल्या आईकडे पाहिले आणि डोळे मिटून घेतले.

मी बाहेर ओसरीवर बसलो. त्या दिवशी माझी ताप भरायची पाळी होती. दाराच्या फटीतून क्लोरोफॉर्मचा गोडसर वास आला, आणि मला वाटू लागले, की दवाखाना हळूहळू नदीवरून वाहत चालला आहे, आत ती पोरगी आकडे मोजते आहे आणि बाहेर मी. अंगणातली झाडे धुक्यात उभी राहून ऐकत होती. जावई फाटकापाशी गाडीच्या शिटीकडे कान लावून उभा होता. त्याच्या सदऱ्याला कोळशाचा वास होता. आगीपुढे आयुष्य काढणारा माणूस. हे का मनात आले ते मला तेव्हा कळले नाही.

डॉक्टरांनी हाक मारली. "फौजदार, मुद्देमाल ताब्यात घ्या."

पांढऱ्या बशीत पिवळट खडे होते, लहानमोठे, काही मण्यांसारखे ओळीने चिकटलेले. मांसाच्या धाग्यांत गुंतलेले. डॉक्टर म्हणाले, "काखेपर्यंत पसरलं होतं. डावी बाजू सगळी काढावी लागली. उजवीतून जेवढं वेचता आलं तेवढं वेचलं. जगेल." मग चिमट्याने एक खडा उचलून त्यांनी स्पिरिटच्या दिव्यावर धरला. खडा घामेजला, थेंब झाला, ठिबकला. खोलीभर मेणबत्तीचा वास सुटला.

"मेण?"

"खनिज मेण. पातळ करून सुईनं आत भरतात. गोऱ्या बायका नाक, गाल, छाती भरून घेतात, मुंबईकडचे आमचे लोक सांगतात. मला वाटायचं, थापा मारतात. हे काही परवा घातलेलं नाही. भोवती मांस धरलंय, महिने झालेत. धग लागली की हे मऊ होतं आणि वाट फुटेल तिकडे सरकतं."

म्हणजे म्हातारी सुटली, असे मला वाटले. सुईणीला बोलावले ते कळा लागल्यावर, आणि मेण कित्येक महिन्यांचे. मी खडे बाटलीत भरले, बाटली फडक्यात बांधली, वर लाखेचा शिक्का मारू लागलो. हवालदार दूर उभे.

"धरा की ही."

"नको साहेब. तुम्हीच धरा. माझ्या घरी पोरंबाळं आहेत." आणि त्यांनी खिशातून मूठभर मिरच्या काढून बाटलीभोवती उतरवल्या!

तिथेच मला पुढचे दिसायला हवे होते. दिवेलागणीच्या आधी दहिवलीभर झाले होते: म्हातारीनं दुधाचं मेण केलं. आमचा पुरावाच तिच्यावर उलटला. विष असते तर लोकांना समजले असते. दुधाचे मेण हे त्यांना त्याहून चांगले समजले. पाटील धापा टाकत आला. "सरकार तिला सोडायचं म्हनतंय असं ऐकलं. सोडा बापडे, पन मग ठाकरवाडीत घर ऱ्हायचं नाय तिचं. पोरं कुडाला काडी लावायच्या गोष्टी करत्यात."

आता ऐका. मॅजिस्ट्रेटपुढे डॉक्टरांचा एक जबाब पुरला असता. पण मॅजिस्ट्रेट काही ठाकरवाडीत राहायला जाणार नव्हता. मेण कोणी भरले हे जाहीर झाल्याखेरीज म्हातारी जिवंत राहणार नव्हती, आणि ज्यांना ते ठाऊक होते ते बोलत नव्हते.

मी पोरीच्या सासूपाशी बसलो. पोलिसाने अशा वेळी गुन्ह्याबद्दल विचारू नये, घराबद्दल विचारावे. माणसे घराबद्दल तक्रार करायला उतावीळ असतात.

"सून कशी आहे कामाला?"

"कामाला वाईट नाय हो. दळण, पानी, शेण, समदं करती. पन चूल नाय!" तिने कपाळावर हात मारला. "वरीसभर इस्तवापुढं बसायचं नाय म्हनं, नवस हाय. भाकऱ्या मी थापायच्या, ही बाहेर भांडी घासनार. शेकोटीला समद्या बाया बसत्यात, ही लांब कुडकुडत उभी. उन्हात पेंढा झोडायला नाय. मी म्हनलं, कंच्या देवाचा गं असला गारठ्याचा नवस? तर म्हनं, आईला ठावं. अजून एक. सुईणीनं शेगडी मागितली तवा इहीणबाई अंगावर धावली तिच्या. शेक द्यायचाच नाय म्हनं बाळंतिणीला! असं कुठं आसतंय का, साहेब?"

असे कुठे नसते. पळसदरीपासून खालापूरपर्यंत बाळंतिणीला शेक न देणारे घर मला कोणी दाखवावे. म्हातारीला तो हट्ट वेडेपणा वाटला, आणि आई नदीवर गेल्याबरोबर तिने सरळ मनाने शेगडी पेटवली. आणि मला फाटकाशी उभ्या जावयाच्या सदऱ्याचा वास आठवला. आगीच्या घरात एक पोरगी वर्षभर धगीपासून पळत होती. जणू ती स्वतःच मेणाची होती.

आई दवाखान्याच्या मागच्या ओसरीवर होती, मांडीवर नातू. मी समोर बसलो.

"नवस कुठल्या देवाचा?"

तिने कुळदैवताचे नाव सांगितले.

"त्या देवापुढे तर दिवटी पेटवून नाचवतात. त्याला विस्तवाचं वावडं कधीपासून?"

तिने नातवाचे दुपटे सारखे केले. कानांत कुनैनची घंटा. पोर रडू लागले. ठाकरवाडीची सून पायरीवर आपले मूल झोपवून बसली होती. ती आली, हात पुढे केले, पोर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून पाजायला बसली. पोर पिताना जो आवाज होतो तेवढाच उरला.

"तुमची लेक बरी हाय का आता?" तिने पाठमोरीच विचारले.

"तुझ्या सासूला मी आत घातलीया," आई म्हणाली.

"ठावं हाय. पन तुमची लेक बरी हाय का?"

आणि ती बाई मोडली. आधी आवाज नाही, नुसते खांदे. मग बोलत सुटली.

"बगायला यायचे नि पोहे खाऊन उठायचे, साहेब. एक बाई तर ओट्यावरच म्हनली, पोरगी हाय का पाटी? आत पोरगी ऐकत व्हती. खालापुरात एक सुईवाला बिऱ्हाड करून ऱ्हायला व्हता. माथेरानला मडमांना टोचतो म्हनायचा. कुनाला कळनार नाय, जल्मभर टिकंल. फकस्त वरीसभर धग लागू द्यायची नाय, मग अंगात मुरतं. पोरगी नको म्हनत व्हती. मी धरली तिला. माझ्या हातांनी धरली."

सुईवाल्याचा ठावठिकाणा मी तिथेच टिपला. मग तिने हात जोडले. "लिवा तुमी. वरच्या साहेबाला दाखवा. पन भायेर नको. नांदवनार नायत पोरीला."

"वर लिहीन तेवढ्यानं म्हातारी कोठडीतून सुटेल. बाहेर तिचं घर जाळतील. तिथं माझं लिहिलेलं कोणी वाचत नाही." तिच्यावर सक्ती करणारे कलम माझ्यापाशी नव्हते, आणि असते तरी वापरले नसते. एका पारड्यात तिची लेक, दुसऱ्यात दुसऱ्याची सासू. तो तराजू तिच्याच हातात होता.

तिने नातवाकडे पाहिले. तो त्या परक्या अंगाशी झोपी गेला होता. ती उठली. डॉक्टरांच्या टेबलावर एक खडा उरला होता, तो मागून घेतला. पदराची कड फाडली, वात वळली, खड्यात दाबली, आणि अंगणात गेली. तिथे दहिवलीची माणसे उभी होती, पुढे जावयाचा चुलता, हातात काठी.

तिने वात पेटवली. संध्याकाळच्या धुक्यात ती एवढीशी ज्योत तळहातावर उभी राहिली.

"बगा," ती म्हणाली. "दूध कदी असं जळतं? हे मेण हाय. मी पैसं मोजून माज्या पोरीच्या छातीत भरून घेतलंय, तुमी बगायला येऊन नाकं मुरडू नये म्हून. म्हातारीनं नुसतं शेकलं. मी तिला खरं सांगितलं नाय. लेक मरत व्हती तरी सांगितलं नाय. आता कुनाचं घर जाळायचं तर माजं जाळा, खालापूरला येऊन."

कोणी हलले नाही. मेण वितळून तिच्या बोटांवरून ओघळत होते, तिने हात हलवला नाही. चुलत्याने काठी खाली टेकली. मग जावई पुढे झाला. त्याने सासूकडे पाहिले, आपल्या आईकडे पाहिले. सगळे गाव त्या आडमाप बाईच्या तोंडाकडे पाहत होते, कारण निवाडा तीच करणार होती.

तिने पुढे होऊन विहिणीच्या हातावरची ज्योत फुंकर मारून विझवली.

तो वास. तोच तो.

"भाजून घेतलास ना हात," ती म्हणाली. "आनि निघालं न्हवं मेण? मग झालं की. आता भाकऱ्या थापल ती. वरीसभराच्या ऱ्हायल्यात." आणि चुलत्याकडे वळून, "तुमी काय बगता, भावजी? बगायला तुमीच गेलता पयल्यांदा. काय म्हनला व्हतात घरी येऊन, सांगू का हितं?"

चुलता धुक्यात विरघळला. मागोमाग बाकीचे.

म्हातारीला त्याच संध्याकाळी सोडले. सगळे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "मग मला सांगायचं व्हतं गं माय." ठाकरवाडीकडे न जाता ती आधी दवाखान्यात गेली.

सुईवाला खालापूरच्या बिऱ्हाडात सापडला. स्टोव्ह, पिचकारी, मेणाच्या वड्या, सगळे मांडून बसलेला. पंचनामा चालू असताना हसून म्हणाला, "बायका स्वतः होऊन मागतात, साहेब." त्याला झालेली शिक्षा सांगायचीही मला शरम वाटते, इतकी थोडी. आज तो कुठल्या तरी दुसऱ्या गावी बसला असेल, कारण गिऱ्हाईक आपण तयार करून देतो. पाटी म्हणणाऱ्या बाईवर कलम नाही. पोहे खाऊन उठणाऱ्यांवर नाही. लग्नाच्या बाजारात पोरीला गुरासारखी चाचपणाऱ्या एकाही हातात मी बेडी घालू शकलो नाही. म्हणून मी पत्रके छापतो, आणि ज्यांना ती तिखट लागतात त्यांच्याच दारात आधी टाकतो.

या प्रकरणाने मला एक शिकवले. ज्याच्या हाताला राख लागलेली दिसते त्याला आपण धरतो. मेण भरणारे हात स्वच्छ असतात, आणि तेच फिर्याद घेऊन येतात. कधीकधी ते हात आईचे असतात, आणि त्यांना ढकलणारे आपण सगळे.

पुढच्या हिवाळ्यात गस्तीवरून परतताना दहिवलीत मला थंडी भरली. दात वाजू लागले. सासूने ओळखले आणि आत बोलावले. चुलीपुढे सून बसली होती. अंग एका बाजूला हलके झालेले, पदर त्यावरून घट्ट घेतलेला, तोंड लाल उजेडाने भरलेले. भाकरी थापत होती. शेजारी ठाकरवाडीची म्हातारी पोराचे पाय निखाऱ्यावर हात धरधरून शेकत होती, आणि पोर खिदळत होते.

"या साहेब," सून म्हणाली. "बसा हितं, धगीला." आणि जळते लाकूड माझ्याकडे सारून ती स्वतःही चुलीच्या आणखी जवळ सरकली.